पदराचं काम

बुधवार, २ जुलै २०२५

शाळेचा पट ६२, हजर ५७. माणशी १०० ग्रॅमनं ५ किलो ७०० ग्रॅम तांदूळ काढून दिला. मटकीच्या उसळीत मीठ किंचित पुढं होतं, तरी चव नोंदवहीत मी 'चांगली' असंच लिहिलं. स्वयंपाक करणाऱ्या अक्का समोर उभ्या होत्या आणि माझा हात तेवढा धीट नाही.

वरून आलेले दोन अ‍ॅप्रन गेल्या वर्षापासून स्वयंपाकखोलीत खिळ्याला लटकलेत. निळे, टेरिकॉटचे, घडीसुद्धा नीट मोडलेली नाही. तपासणीला कुणी येणार म्हटलं की खाली उतरतात, साहेबांची गाडी वळली की परत खिळ्यावर. आज मी विचारलंच, का घालत नाही म्हणून.

"बाई, तुमी घालून बघा की एकदा."

घातला. गळ्यातली नाडी आधी अंबाड्यात अडकली, तिथनं सुटली ती मंगळसूत्रात. कमरेची गाठ पाठीमागं, म्हणून अक्कांच्या जोडीला असलेल्या धाकट्या मावशींना हाक मारावी लागली. एवढं करून पातेल्यावर वाकले, तर छातीवरचा सगळा भाग पुढं लोंबला, थेट शेगडीकडं. त्यात कापड टेरिकॉटचं, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. सुती कापड पेटलं तर जळून राख होतं, हे वितळून कातडीला चिकटतं. ज्यानं कुणी हा नमुना पास केला त्यानं कधी साठ पोरांचा भात ढवळलेला नसणार.

मग मधल्या सुट्टीपर्यंत दारात उभी राहून मी अक्कांचा पदरच बघत होते. पातेल्याचा कान पदरानं धरला. घाम पदरानं टिपला. पहिलीतल्या एकाचं नाक पुसलं, तेही आतल्या बाजूनं, म्हणजे वरनं दिसायला नको. तिखटाच्या डब्याचं झाकण बसलेलं होतं, पदर गुंडाळून फिरवलं. कोथिंबीरवाला आला तर टोकाची गाठ सोडून दहाची नोट काढली. अ‍ॅप्रन यातलं एकही काम करत नाही. तो फक्त साडीवर डाग पडू देत नाही, आणि डागांची अक्कांना तशी फिकीर नाही.

पण पदराचं ते टोक दोन ठिकाणी करपून कातरलेलं आहे. ते बघितल्यापासून मला चैन नाही.

शनिवार, ५ जुलै

एकादशी उद्या रविवारी, म्हणून पोरांची दिंडी आज सकाळच्या शाळेतच काढली. ऐनवेळी तीन टोप्या कमी पडल्या. मी काल रात्री जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवून ठेवल्या होत्या, बाईंना हे माहीत असतंच असं पोरांनी गृहीतच धरलेलं असतं. विठोबा झालेला पोरगा कमरेवरचे हात काढून सारखा मिशी चिकटवत होता. विठोबाला मिशी कुणी लावली, हे कुणी कबूल करत नाही.

दुपारच्या एस.टी.नं इचलकरंजीला. १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय, तरी मला हवं ते कापड तीन दुकानं फिरल्यावर मिळालं. पॉपलिन पातळ, ड्रिल पावसात वाळत नाही. शेवटी केसमेंट हे जाडसर सुती कापड घेतलं, पन्ना ४४ इंच, मीटरला ११० रुपये, तीन मीटर. शिवाय नमुन्यासाठी दोन मीटर मांजरपाट. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्या फिकट रंगावर हळद दिसंल." मी म्हटलं, दिसू दे. गडद रंगावर घाण दिसत नाही म्हणून तो स्वच्छ वाटतो. माझ्या मते स्वयंपाकाच्या कपड्याला हे बरं नव्हे.

रविवार, ६ जुलै

उपासाचं एकदाच करून ठेवलं आणि मशीन उघडलं.

कालच कापड भिजवून टाकलं होतं. न भिजवता बेतलं की पहिल्या धुण्यात अ‍ॅप्रन धाकट्या बहिणीचा होतो. रात्रभर पंख्याखाली वाळवून मोजलं, तीन मीटरमध्ये जवळजवळ चार इंच गेलं. पुढच्या वेळी सव्वातीन घ्यायचं.

मशीन आईचं, पायाचं, उषा. या हवेत चामड्याचा पट्टा ओल धरतो आणि सैल पडतो, चाक फिरतं पण सुई जागची हलत नाही. पट्टा अर्धा इंच कापला, तारेचा आकडा परत ओवला, चाललं. लाईट दोनदा गेली तेव्हा मात्र आईच्या मशीनचा मान वाढला.

कात्रीवरून घरात आज वाद झाला. माझी कापडाची कात्री घेऊन यांनी दुधाची पिशवी कापली. सव्वीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट मी त्यांना शिकवू शकलेली नाही, आणि मी शिक्षिका आहे.

टोकरी काढताना तळाशी एक जुनी पांढरी पिशवी सापडली. १९९८ ला नोकरीला लागले तेव्हा शाळेत शिजत काही नव्हतं. पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेली, पण पोरांना मिळायचे ते महिन्याला तीन किलो कोरडे तांदूळ. ज्याच्याकडं पिशवी नसेल तो सदऱ्याच्या ओच्यात घेऊन जायचा आणि रस्त्याभर सांडायचा. चिमण्यांची चैन होती. तेव्हा मी ब्लाऊजच्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांतून पिशव्या शिवल्या होत्या, त्यांतली ही एक. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश आला, मग हळूहळू चुली पेटल्या, अक्का आल्या. शाळेसाठी शिवलेली माझी पहिली वस्तू तांदळाची पिशवी आणि आता अ‍ॅप्रन, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

बेत असा ठरवला. गळ्यात नाडी नाही. दोन पट्टे, पाठीवर फुली करून खांद्यावरून पुढं. गाठ मारायचीच नाही, डोक्यातून घालायचं. गळा एवढा मोठा ठेवायचा की अंबाडा त्यातून सहज जावा. मांजरपाटाचा एक कापला, टाचण्या लावल्या, स्वतः घालून आरशासमोर वाकून बघितलं. पुढं लोंबला नाही. ओझं मानेवर येत नाही, खांद्यावर बसतं.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. टेबलावर जास्वंदी, एक पेन, आणि एका पोरानं आणलेलं अंडं. "मॅडम, आमच्या कोंबडीनं आजच दिलंय." ते संध्याकाळपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्ये जपावं लागलं.

मांजरपाटाचा अ‍ॅप्रन अक्कांना घालायला दिला. पट्टा मी २२ इंच धरलेला, तो त्यांना मोठा. त्या माझ्याहून बुटक्या आणि पाठीत वाकलेल्या, हे मी बेतताना साफ विसरले. खांद्यावरून सारखा घसरत होता. पण दुसरी एक गोष्ट आपोआप जमून गेली, तिचं श्रेय मला नाही. डाव्या खांद्यावरचा पदर पट्ट्याखाली दाबला गेला. पदर खाली येईना, शेगडीकडं जाईना. अक्कांनी दोनदा वाकून बघितलं, मग हात झटकले.

"ह्ये बरंय. पर पातेलं कशानं धरू?"

पदर अडकलेला, हात मोकळे, आणि समोर उकळतं पातेलं. बरोबरच आहे. मी पदराचा धोका काढला आणि त्याबरोबर पदराचं कामही काढून घेतलं. दोघींनी मिळून तिथंच ठरवलं: कमरेला उजव्या बाजूला एक वीतभर तुकडा, आत जुन्या चादरीचे तीन पदर, वरनं वाकळेसारखा धावदोरा. एक टोक अ‍ॅप्रनला शिवलेलं, म्हणजे हरवणार नाही. डावीकडं दुसरा, पातळ, तो हात आणि तोंड पुसायला. दोन्ही एकाच रंगाचे नकोत, असं धाकट्या मावशी म्हणाल्या. नाक पुसलेल्या फडक्यानं पातेलं धरलं तर बघणाऱ्याला कसं वाटेल? पटलं.

खिसा मोठा मागितला नाही कुणी. तो मीच घातला.

शनिवार, १९ जुलै

आनंददायी शनिवार. चौथीला बटण शिवायला शिकवलं. मुलगे आधी हसले, "मॅडम, हे पोरींचं काम." मी म्हटलं, गावातले शिंपी सगळे पुरुष आहेत, त्यांना जाऊन सांगा. गप्प बसले. चार भोकांच्या बटणाला फुली घालायची की दोन समांतर टाके, यावर वर्गात दोन पक्ष पडले.

एकाचा दोरा मध्येच तुटला. मी नवीन ओवायला घेतला तर शेजारचा पोरगा म्हणाला, "मॅडम, नगं. मी जोडतो." त्यानं दोन टोकं अंगठ्यावर धरली आणि काही कळायच्या आत गाठ मारली. एवढी बारीक की कापडातून अडखळल्याशिवाय गेली. त्याचे वडील रात्रपाळीला मागावर असतात, त्यांची गाठ. हा पोरगा पाढ्यात सारखा अडकतो, भागाकाराला वही लपवतो. त्याला सगळ्या वर्गापुढं बोलावून ती गाठ शिकवायला लावली. मला चौथ्या प्रयत्नाला जमली. तो मला म्हणाला, "मॅडम, घाई करू नका." हे वाक्य मी त्याला वर्षभर म्हणते आहे.

तेवढ्यात अक्का नव्या अ‍ॅप्रनवर हळदीचा डाग घेऊन आल्या. पहिला खरा, केसमेंटचा, पोपटी. मी पोरांसमोर डागावर साबण चोळला. पिवळा डाग बघता बघता लालभडक. पहिल्या बाकावरून "रगात!" अशी ओरड. मग लिंबू पिळलं, परत पिवळा. अर्धा तास कुणाला बटणं आठवली नाहीत, आणि मी चिडायच्या ऐवजी तिखट, चहा, जास्वंदीचं फूल, सगळं फडक्याला लावून बघू दिलं. जास्वंदीचा रंगही साबणानं बदलतो, हे पोरांनी स्वतः काढलं.

डाग मात्र तसाच. अक्का म्हणाल्या, "ऊन पडू दे, आपसूक जाईल." खरंच जातो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण उन्हासाठी आता गणपतीपर्यंत थांबायचं.

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. ऑनलाइन माहिती भरायला रात्री साडेनऊपर्यंत बसले. एकच माहिती तिसऱ्यांदा, तिसऱ्या ठिकाणी. याबद्दल लिहायला लागले तर वही संपेल.

उद्या नागपंचमी. चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. माझा यावर फार विश्वास आहे असं नाही, पण सासूबाई असेपर्यंत पाळलं आणि आता मोडायला हात धजत नाही. म्हणून धाकट्या मावशींचा अ‍ॅप्रन आज रात्रीच कापून शिवायचा होता. त्या पंजाबी ड्रेस घालतात. त्यांच्या ओढणीचा प्रश्न पदरापेक्षा सोपा निघाला: ओढणी काढून ठेवायची, आणि पुढचा भाग दोन इंच रुंद करायचा.

पट्टा जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारते, ओढ बसली तरी उसवत नाही. तिथं कापडाचे सहा थर येतात. पायानं जोर लावला आणि १६ नंबरची सुई गेली. दुसरी घातली, तो भाग हातानं चाक फिरवून शिवला. पावणेबाराला शेवटचा दोरा तोडला. यांनी चहा आणून ठेवला होता, गार झालेला प्यायले. दुधाची पिशवी दातानं फाडली म्हणाले. प्रगती आहे.

बुधवार, ३० जुलै

दोघींनी आज कुणी न सांगता अ‍ॅप्रन घातले. खिळ्यावर फक्त निळे राहिलेत. ते कुणाला द्यायचे हे कळत नाही, कारण साठा नोंदवहीत त्यांची नोंद आहे. तपासणीच्या दिवशी पोपटी दिसले तर चालतील का, हाही प्रश्न आहेच. मुख्याध्यापक म्हणाले, "बघू." या शब्दावर आमची शाळा बरीच वर्षं चाललीय.

जेवणं झाल्यावर मी अक्कांच्या खिशात डोकावले. सात इंच रुंद, वर दुहेरी दुमड, मला फार अभिमान असलेला खिसा. आत पाचवीतल्या पोरांकडून काढून घेतलेल्या चार गोट्या आणि पहिलीतल्या एकीचा पडलेला दात, कागदात गुंडाळून.

"पैसे नाही ठेवत होय यात?"

"खिशातलं पडतंय बाई. मी आपला हितंच ठेवतो." त्यांनी अ‍ॅप्रनचं खालचं उजवं टोक पुढं केलं. त्याला गाठ मारलेली, आत दहाची नोट. मी तिथं कोपरा तीनदा दुमडून पक्का केला होता, त्यामुळं गाठ आखूड आणि टणक बसली होती, सोडवायला त्यांना दात लावावा लागत होता.

रात्री तो कोपरा उसवला. एकदाच दुमडून, चार इंच लांब टोक सोडून परत शिवला. धाकट्या मावशींचं माप तेच ठेवायचं का, ते उद्या विचारते. त्या फोनवरून पैसे देतात.