थंडीत औंधला, छपराखालचा खजिना बघायला

डिसेंबरात सातारा जिल्ह्यात सुट्टीला येणारा माणूस सरळ महाबळेश्वरला पळतो. पहाटे पॉइंटवर कुडकुडत उभं राहण्यातही मजा आहे, पण आमच्यासोबत पंचाहत्तरीची आत्या होती आणि नऊ वर्षांची लेक. वारं अंगावर घेत हिंडण्यापेक्षा यंदा छपराखालचं काहीतरी बघू म्हटलं आणि औंध गाठलं.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध साधारण पंचेचाळीस किलोमीटर. खटाव-माणचा हा अवर्षणाचा पट्टा. उन्हाळ्यात इथे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. थंडीत हवा कोरडी आणि बोचरी. आम्ही सकाळी निघालो तेव्हा रस्त्याकडेला शेकोट्या पेटल्या होत्या, ज्वारीची पानं दवाने ओली होती. गावात पोचल्यावर टपरीवर आधी चहा घेतला. आत्याने पेला दोन्ही तळव्यांत धरला तो रिकामा होईपर्यंत सोडला नाही.

गावामागच्या डोंगरावर यमाईचं मूळपीठ, आणि त्या वाटेवर मध्यावर श्री भवानी संग्रहालय. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभं केलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनं करायचे, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे सुरुवातीपासून उभे राहिले तेही हेच. संस्थान लहान, मुलूख दुष्काळी. तरी आयुष्यभर जमवलेली कला त्यांनी देवीच्या पायथ्याशी आणून ठेवली. देवीला निघालेल्या माणसाच्या वाटेतच हे घर लागतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, खुद्द बाळासाहेबांनी काढलेली आहेत. चंदनातलं, हस्तिदंतातलं कोरीवकाम आहे. पण बहुतेक लोक मोठ्या तैलचित्रांपुढे थांबतात आणि लघुचित्रांवरून नजर फिरवून निघून जातात. तसं करू नका. आम्ही घरातलं भिंग सोबत नेलं होतं. लेकीने ते एका लहानशा चित्रासमोर धरलं आणि ओरडलीच, ‘बाबा, हिच्या ओढणीतून हात दिसतोय!’ खरंच, पातळ वस्त्राखालचा हात दाखवायला चित्रकाराने केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींशेजारी ओढल्या होत्या, आणि एकही रेघ दुसरीला चिकटलेली नव्हती. त्या एका चित्रापाशी आमची वीस मिनिटं गेली. भिंग जरूर न्या; मात्र काचेला टेकवू नका, आणि फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा.

मग हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या सगळ्यात नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एक, इंग्लंडमधला, आणि त्याचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प खटाव तालुक्यात! आकाराने लहान आहे, माहीत नसेल तर पुढे निघून जाल. आत्याला कलेतलं काही कळतं असा तिचा दावा नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘नाकडोळे नाहीत तरी आईच दिसते की रे.’ याहून चांगलं मी तरी सांगू शकत नाही.

दोन-अडीच तास हातात ठेवा. दगडी जागा आहे, फरशी गार पडलेली असते. तळव्यांतून थंडी चढते. जाड मोजे घालाच, वयस्कर माणसाला शाल द्या. स्वेटर ‘आता ऊन आलंय’ म्हणून गाडीत ठेवू नका, बाहेरच्या उन्हाचा आत उपयोग नाही. वर गाडी जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये. सरकारी संग्रहालय आहे, सोमवार आणि सणाची सुट्टी टाळून बेत करा.

दुपारी खाली गावात बाजरीची भाकरी, पिठलं आणि खर्डा खाल्ला. मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नका. साध्या खाणावळीत वेळेवर, म्हणजे दीडच्या आत गेलात तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते.

मुक्काम साताऱ्याला केला, आणि दुसऱ्या दिवशी वाईजवळ मेणवली. नाना फडणविसांचा वाडा. जाड भिंतींमुळे आत हवा शांत असते, लाकडी खांबांची सावली, भिंतींवर जुनी चित्रं. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा विचारून आत जायचं आणि हळू बोलायचं. चित्रांचा रंग उडत चालला आहे, बोट लावू नका; पोरांना हे दारातच बजावून ठेवा.

निघताना मागच्या घाटावर जा. वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे, तिच्यावर बाळ घेतलेली मेरी आहे. लेकीने बोट दाखवून विचारलं, ‘आत्याआजी, कालचीच का गं?’ आत्या जवळ गेली, शाल सावरली आणि भिंग मागितलं.