घारीच्या नावावर

मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर विमानाला पक्षी धडकणं आम्हा लाइन मेंटेनन्सवाल्यांना, म्हणजे दोन उड्डाणांच्या मध्ये विमान तपासणाऱ्यांना, नवीन नाही. विमानतळाला खेटून वस्ती, मधून मिठी नदी, आजूबाजूला उघडा कचरा. घारी येणारच. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला १९३७ च्या विमान नियमांत बंदी आहे. ती कुणीही मनावर घेत नाही, याची मला चीड आहे.

त्या रात्री एक ए-३२० विमान बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, लागलं. पायलटने टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, लिहिलं होतं : उतरताना धप्प आवाज, केबिनमध्ये जळकट वास. वासाचं वाचलं आणि मी लगेच बोरस्कोप मागवला, म्हणजे इंजिन न उघडता आत घालायचा नळीवरचा कॅमेरा. केबिनची हवा इंजिनाच्या गाभ्यातल्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, येते. पिसं करपल्याचा वास आत आला, म्हणजे पक्षी इंजिनाच्या तोंडावरच्या फॅनच्या ३६ पात्यांमधून बाहेरच्या वाटेने न जाता गाभ्यात शिरलाय.

गिअरबॉक्सचं झाकण काढून रॅचेट लावायचा, एकाने रोटर, म्हणजे कॉम्प्रेसरचा पात्यांसकट फिरणारा भाग, हाताने फिरवायचा, दुसऱ्याने पडद्यावर एकेक पातं बघायचं. कॉम्प्रेसरचे नऊ टप्पे, म्हणजे एकामागे एक पात्यांच्या नऊ रांगा. फिरवायला आमचे जुने मेकॅनिक होते, सगळे त्यांना काका म्हणतात. पातं पडद्याच्या मधोमध आलं की काका न सांगता थांबतात. हा हात कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही, आणि नव्या पोरांना तो कमवायचा धीर नाही.

पहिल्या टप्प्यावर करपलेला थर होता, पाती मात्र शाबूत. तिसऱ्या टप्प्यात एका पात्याच्या पुढच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसली, आणि खाचेच्या तळाशी केसाएवढी चीर. खाचेची खोली मोजून मर्यादेत बसवता येते. चिरेला मर्यादाच नसते. टेकऑफला हा रोटर मिनिटाला १४ हजारांच्या आसपास फेरे घेतो.

काका पडद्यापाशी आले. म्हणाले, "साहेब, हे घारीचं काम नाही."

"मलाही तेच वाटतंय, काका."

पक्षी मऊ असतो, तो पातं वाकवतो. अशी धारदार खाच धातू किंवा दगडाची. शिवाय खाचेच्या कडा काळवंडलेल्या होत्या, म्हणजे ती त्या रात्रीची नव्हतीच. इनटेकचा, म्हणजे इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडाचा, एकेक रिव्हेट तपासला, एकही गायब नव्हता. तुकडा बाहेरून आला होता.

विमान तिथेच उभं केलं. प्रवासी काउंटरवरच्या मुलींवर तोंडसुख घेत होते, त्यांना चीर कोण दाखवणार? पुढे इंजिन उतरवलं गेलं.

माझ्या अहवालात मी पक्ष्याची धडक आणि जुनी खाच, दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या होत्या. वरून मंजूर होऊन आला तेव्हा कारणाच्या रकान्यात एकच उरलं होतं : पक्ष्याची धडक. मी विचारलं, तर "एकाच तपासणीत सापडलं ना, मग एकच नोंद पुरे," असं उत्तर मिळालं. हे मला अजिबात पटलेलं नाही. २००० साली पॅरिसमध्ये आधी उडालेल्या विमानातून पडलेल्या धातूच्या पट्टीवरून काँकॉर्डचं चाक गेलं आणि ११३ माणसं मेली. आमच्या एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवरच्या, डब्यात रोज बॅगांची चाकं, कुलपं, झिपची टोकं गोळा होतात. हा तुकडा यातलाच असेल किंवा दुसऱ्या शहरातला. त्या विमानाने आधी जिथे जिथे मुक्काम केला, तिथल्या एकाही बेची झडती झाली नाही, कारण कागदावर घार होती.