तीन स्टुलं आणि एक सूत

वागळे इस्टेटच्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एका कॅन्टीनवाल्याला तीन स्टुलं हवी होती, पाय सतरा इंचाच्या आसपास, त्याहून फार खाली नको आणि तिन्ही सारखी. शेठ म्हणाले, नवा पाइप काढू नका, कोपऱ्यात स्क्वेअर पाइपचे दोन तुकडे पडलेत ते संपवा. टेप लावला, एक ३०४५ एमएम, दुसरा २१७५.

म्हणजे बारा पाय सारखे आणि भंगार शून्य. मला शाळेतला मसावि आठवला ना एकदम! ३०४५ मधून २१७५ गेले, उरले ८७०, २१७५ ला ८७० ने भागलं की बाकी ४३५, आणि ८७० ला ४३५ ने पूर्ण भाग जातो. एकाचे सात, दुसऱ्याचे पाच, बरोब्बर बारा. खडूने पाइपवरच गणित मांडून मिस्त्रीकाकांना दाखवलं, ते गालात हसले, मला वाटलं कौतुकाने.

कटिंग मशीनचा स्टॉपर, म्हणजे पाइपचं टोक जिथे टेकतं तो अडसर, ४३५ वर लावला आणि सुरू. सातवा पाय हातात घेतला तर आखूड, चक्क ४१७. दुसऱ्या पाइपचा शेवटचा ४२३.

"काका, टेप चुकला काय?"

"टेप नाय चुकला. ब्लेड काय हवा खातं? दर कटला एक सूत जातं बाळा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम. ब्लेड म्हणजे ३ एमएमचं कापायचं व्हील, सहा कटचे १८, चार कटचे १२. ठिणग्या उडतात तो आपलाच पाइप असतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. भागाकाराची ही पद्धत युक्लिडची, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची, पण त्याच्या रेषांना ब्लेड कुठे लागत होतं.

चहा पिताना कळलं, मसावि बरोबरच होता, फक्त त्यातून ब्लेड वजा करायचं. स्टॉपर ४३२ वर लावला असता तर प्रत्येक पाय आपल्या कटसकट ४३५ खातो, आणि शेवटच्या कटमध्ये पाइपचं वाकडं टोकही निघून जातं. वर ४३२ म्हणजे जवळजवळ बरोबर सतरा इंच!

"आधी सांगायचं ना काका."

"सांगून ऱ्हायलं असतं का डोक्यात?"

शेवटी एका स्टुलासाठी नवा पाइप काढावाच लागला, शेठ काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उरलेले चार पाय ४१७ ला छाटून केलेलं बुटकं स्टूल गाळ्यातच राहिलं, चहाच्या वेळी ते अजून माझ्याकडेच सरकवतात.