लाड नाही हो, सोय

पुण्याला आलो की कोणीतरी काका विचारतातच, अरे तू लंडनला असतोस ना, मग ही तिकडची लिबरल सरकारं इस्लामी राजकारण करणाऱ्यांचे एवढे लाड का करतात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला ते लाड वाटतच नाहीत, त्या सरकारांची स्वतःची सोय वाटते.

ट्युनिशियाचे राशिद घन्नुशी घ्या. एन्नहदा पक्षाचे नेते, मायदेशी राहणं अशक्य झालं तेव्हा ब्रिटनने आसरा दिला, वीसेक वर्षं इथे काढून २०११ च्या क्रांतीनंतर ते परत गेले आणि त्यांचा पक्ष निवडणुकीत पहिला आला, २१७ पैकी ८९ जागा. मला त्यांचा विचार पटत नाही, धर्मावर पक्ष उभा करणंच पटत नाही, आणि त्यांच्या सत्तेत २०१३ मध्ये बेलाइद आणि ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांचे खून झाले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते बरोबरच होतं. पण मग ते सत्तेवरून उतरले की, २०१४ ची निवडणूक हरले तेही मान्य केलं, २०१६ ला धर्मप्रचार आणि राजकारण वेगळं केलं. पश्चिमेने अशा पक्षांकडून जे जे मागितलं ते सगळं केलं.

२५ जुलै २०२१ ला ट्युनिशियाचे अध्यक्ष सईद यांनी संसद गोठवली. त्या रात्रीचा व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय, बंद फाटक, आत सैनिक, बाहेर तोवर संसदेचे सभापती झालेले घन्नुशी, वय ८०, आणि उपसभापती बाई सैनिकांना सांगतायत की आम्ही राज्यघटनेची शपथ घेतलीय. फाटक उघडलं नाही. अमेरिकेने याला बंड म्हणायचंही टाळलं.

एप्रिल २०२३ मध्ये, रमझानात, घन्नुशींना पोलिसांनी घरातून उचललं. आणि तीन महिन्यांत, जुलैमध्ये, युरोपियन युनियनच्या फॉन डेर लायन, इटलीच्या मेलोनी, नेदरलँड्सचे रुट्टे असे तिघं ट्युनिसला जाऊन सईद यांच्याशी करार करून आले, समुद्रातून येणाऱ्या बोटी अडवायला साडेदहा कोटी युरो. हे वाचून मला खरंच संताप आला होता.

आमच्या ऑफिसात एक ट्युनिशियन बाई आहेत, एन्नहदाच्या कट्टर विरोधक, त्यांना मत कधीच दिलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत घन्नुशींना २२ वर्षांची शिक्षा झाली त्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या नाहीत, डबा तसाच टेबलावर.