डीप्रोटेक्शन जमलं, एनएमआरने घाम काढला

थायमिडीन हा डीएनएचा एक घटक. त्याच्या तीन-प्राइम जागेवरचा टीबीएस काढायचा (हेच डीप्रोटेक्शन) आणि पाच-प्राइम जागेवरच्या डीएमटीला धक्का लावायचा नाही, एवढंच काम. हे दोन्ही म्हणजे ऑक्सिजनला तात्पुरते झाकणारे संरक्षक गट. टीबीएस फ्लोराइडने सुटतो, डीएमटी आम्लाने. टीएचएफ या सॉल्व्हंटमधलं १ मोलर टीबीएएफ (टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड) शून्य अंशाला थेंबथेंब सोडलं, मग खोलीच्या तापमानाला ठेवलं. टीएलसीवर, म्हणजे अभिक्रिया तपासायच्या पट्टीवर, वरचा स्पॉट गेला, खाली नवा आला. गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये यात काहीच अडलं नाही.

अडलं ते पुढे. कॉलेजात एनएमआर, म्हणजे रेणूची रचना तपासायचं यंत्र, नाही; नमुना बाहेरगावच्या एका केंद्रात जातो. त्यांचा नियम असा की ट्यूब ड्यूटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये भरूनच पाठवायची. पाठवली. मग फोन सुरू. "मॅडम, लायनीत आहे." नंतर "ऑपरेटर रजेवर आहेत." नंतर कहर म्हणजे "फॉर्मवरचा शिक्का पुसट आहे, परत पाठवा." शिक्का पुसट म्हणून ट्यूब टेबलावर पडून! हे क्लोरोफॉर्म उजेडात, हवेत राहिलं की त्यात थोडं आम्ल तयार होतं, आणि डीएमटीला तेवढं पुरतं. रसायनशास्त्रज्ञ हरगोविंद खोरानांच्या चमूने १९६० च्या दशकात हा संरक्षक गट आणला तोच मुळी सौम्य आम्लाने निघावा म्हणून. त्याला काय बोल लावणार?

ट्यूब परत आली ती फिकट केशरी, तळाशी पांढरे कण. केशरी म्हणजे सुटलेल्या डीएमटीचा कॅटायन (धन आयन), कण म्हणजे क्लोरोफॉर्ममध्ये न विरघळणारं उघडं थायमिडीन. स्पेक्ट्रम बघायचीही गरज नव्हती.

पुढच्या खेपेला कोरडी पावडर पाठवली आणि लिहिलं, मोजायच्या दिवशीच डीएमएसओ-डी६ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा. त्यावर "सॉल्व्हंट बदलण्याचं कारण" म्हणून पत्र मागितलं. सरांनी एका ओळीत दिलं. मग मात्र स्पेक्ट्रम सुरेख आला: ०.९ पीपीएमपाशी टीबीएसचा पत्ता नाही, डीएमटीची ३.७ ची दोन्ही मेथॉक्सी जागेवर. त्या दिवशी लॅबला मिसळ माझ्याकडून.

क्लोरोफॉर्मच हवं म्हणाले, तर ते आधी बेसिक (अल्कधर्मी) अॅल्युमिनातून गाळून घ्या. शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलमच्या सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथिलअमाइन टाका, कारण सिलिकाही आम्लीच. वर्कअपला, म्हणजे अभिक्रियेनंतरच्या धुलाईला, पाण्याचे वॉश सढळ हाताने द्या, नाहीतर टीबीएएफमधला टेट्राब्युटिलअमोनियम स्पेक्ट्रममध्ये ३.२ पाशी ठाण मांडून बसतो. आणि फॉर्मवर शिक्का मारण्याआधी शाई बघा.