ओकच्या घराची तुळई बदलली : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये ससेक्सला आमचं घर आहे, १७ व्या शतकातलं, ओकच्या सांगाड्यावर उभं. विटांच्या बुटक्या जोत्यावर आडवी तुळई, तिच्यात कूस, म्हणजे खांबाच्या टोकाला कोरलेली जीभ, घालून बसवलेले खांब आणि मधल्या चौकटींत कुडाच्या भिंती. अगदी कोकणातल्यासारख्या : हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्यांची वीण, वर माती, पेंढा नि शेण. आधीच्या कुणी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. त्याला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि परत निघायला वाट मिळत नाही. उत्तरेची तुळई अशीच कुजली.

घर वारसा यादीत आहे. परवानगीशिवाय त्यात फेरफार करणं १९९० च्या कायद्यानं फौजदारी गुन्हा. अर्जाला फी नाही, निर्णयाला साधारण ८ आठवडे धरायचे. मोजमापाचे आराखडे मात्र नेटके लागतात. जुनं लाकूड किती टिकणार, हे अधिकारी बाईंना प्रत्येक आराखड्यात दिसायला हवं होतं. मला ते मनापासून पटलं.

खरा शोध सुताराचा. जे लोखंडी पट्ट्या मारायला निघाले, त्यांना मी नाही म्हटलं. ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंड खातं आणि लाकूडही काळं पडतं. शेवटी भेटलेल्या सुतारानं पटाशीनं टोचून टोचून शाबूत भाग कुठं सुरू होतो ते खडूनं आखलं. नव्या घराला ओला ओकच वापरतात, तो कापायला मऊ असतो. पण जुन्या वाळलेल्या तुळईला ओला तुकडा जोडला तर तो आकसून सांधा उघडा पडतो. म्हणून हवेवर वाळवलेलं लाकूड शोधलं. इंचभर जाडीला वर्ष, असा इथला हिशेब. त्यामुळं ते महाग आणि दुर्मीळ.

मग घर जॅकवर घेतलं, मिलिमीटर-मिलिमीटरनं. गिलावा निघाला तेव्हा खांबांवर कोरलेले रोमन आकडे दिसले. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून, सोडवून मग उभा करत. कुठला तुकडा कुठं, ते त्या आकड्यांवरून कळे. त्यांच्यावर बोट फिरवताना मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

नवा तुकडा जुन्या तुळईला लांब तिरक्या सांध्यानं जोडला. खांबाच्या पायाशी तर मला सगळ्यांत आवडलेली युक्ती होती. खुंटीची भोकं एका रेषेत पाडत नाहीत. कूस असलेल्या लाकडातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या बाजूला, किंचित सरकवतात. वाळलेली निमुळती खुंटी ठोकली की सांधा आपोआप घट्ट ओढला जातो. खिळा नाही, गोंद नाही. नव्या तुकड्यावर सुतारानं दुरुस्तीचं साल कोरलं, म्हणजे पुढं कुणी त्याला जुना समजणार नाही.

उत्तरेच्या भिंतीला आता चुन्याचा गिलावा आहे. पश्चिमेला अजून सिमेंटच. ओल्या चुन्याला हिमदव सोसत नाही, म्हणून ते काम थंडी सरल्यावर काढायचं ठरवलंय.