तिथे कधी गेला नाहीत, मग एवढा जीव का टांगणीला लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुमच्याआधी कित्येकांनी विचारून झालंय. लिव्हरपूल शहर तुम्ही पाहिलेलं नाही, गुडिसन पार्क या मैदानात पाऊल टाकलेलं नाही, मग तिथल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबची मॅच असली की रात्री येरझारा का घालता? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो आणि तो जास्त लागतो. धरायचाच होता तर जिंकणारा संघ का नाही धरलात? त्याच शहरात दुसरा आहे की!

दुसऱ्याचं आधी सांगते, ते लवकर संपतं. एव्हर्टनचा टिम केहिल. बेताच्या उंचीचा माणूस, दोन धिप्पाड बचावपटूंच्या मधून उसळून हेडर मारायचा आणि धावत जाऊन कोपऱ्यातल्या झेंड्याला ठोसे लगावायचा. टीव्हीवर तो पाहिला आणि मी त्या संघाची झाले. १९८७ नंतर लीगचं विजेतेपद नाही, १९९५ नंतर एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही नाही, हे मागाहून कळलं. कळल्यावर संघ बदलावा असं मनातही आलं नाही. मी यादी समोर ठेवून संघ निवडलाच नव्हता, तेव्हा निवड चुकली का, या प्रश्नाला मी काय उत्तर देणार?

पहिल्या प्रश्नाला मात्र मी पूर्वी हिरिरीने उत्तरं द्यायचे. डिक्सी डीनने १९२७-२८ च्या एकाच हंगामात लीगमध्ये ६० गोल केले. १९५४ पासून हा क्लब वरच्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. ऐकणारे मान डोलवायचे आणि मला वाटायचं, पटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण २८ मे २०२३ च्या रात्री यातलं एकही कारण माझ्या मदतीला आलं नाही.

हंगामाचा शेवटचा दिवस, आणि आम्ही खालच्या श्रेणीत घसरण्याच्या काठावर. एव्हर्टन ३३ गुणांवर, लेस्टर आणि लीड्स ३१ वर. गोलफरकात लेस्टर आमच्या पुढे. म्हणजे ते जिंकले तर आम्हाला बोर्नमथला हरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि आमचा आघाडीचा खेळाडू कॅल्व्हर्ट-लुईन जायबंदी. आपल्याकडचे रात्रीचे नऊ वाजले आणि सगळ्या मॅच एकदम सुरू झाल्या. ३४ व्या मिनिटाला तिकडे लेस्टरच्या हार्वी बार्न्सने वेस्ट हॅमवर गोल मारला आणि इकडे आम्ही रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याच्या जागेत गेलो. गुडिसनवर काहीही झालेलं नव्हतं. ०-० च होतं.

५७ व्या मिनिटाला आमच्या दुकुरेचा गोल. बॉक्सच्या कडेला चेंडू त्याच्याकडे उडत आला आणि त्याने थांबवण्याच्या भानगडीत न पडता तो तसाच हाणला. फ्रँक लॅम्पार्ड मॅनेजर असताना ज्याला संघाबाहेर बसवलं होतं, तोच हा दुकुरे. मी किती जोरात ओरडले ते शेजाऱ्यांना विचारा. पण त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ काढायचा होता, आणि नव्वद मिनिटं संपता संपता चौथ्या पंचाने बोर्ड वर केला: आणखी १० मिनिटं.

आणि माझं चित्र थिजलं. पडद्यावर ते फिरणारं चक्र. ॲप बंद करून उघडलं, फोनचं नेट लावून पाहिलं, काही नाही. शेवटी स्कोअरच्या ॲपवर मजकुराची कॉमेंटरी उघडली.

दूरवरून मॅच पाहणाऱ्यांना हे माहीत असतं की मैदानातून कुणीतरी नोंदवलेली माहिती फोनवर आधी पोचते आणि इंटरनेटवरचं चित्र मागून येतं, कधी कधी अर्धा मिनिट किंवा त्याहूनही उशिरा. म्हणून मी मॅचच्या वेळी सगळी नोटिफिकेशन बंद ठेवते. गोल आधी कळून नंतर पाहणं मला सोसत नाही. त्या रात्री कॉमेंटरीची ती ओळच तेवढी हाताशी होती.

"कॉर्नर, बोर्नमथ." एवढंच. कुठल्या बाजूने, कोण घेतोय, आमच्या बॉक्समध्ये कोण कुणावर आहे, काही कळायला मार्ग नाही. मग बराच वेळ काहीच नाही. मग "फटका अडवला. मातियास विन्या." म्हणजे बोर्नमथच्या त्या विन्याने मारला होता, नेमका गोलवर मारला होता, आणि आमचा गोलरक्षक पिकफर्डने तो वाचवला होता. मी "फटका" वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि त्या वेळी तिथे तो चेंडू केव्हाच दुसरीकडे गेलेला होता. पूर्वी गावाहून आजारपणाचं पत्र यायचं, ते हातात पडेपर्यंत माणूस बरा होऊन कामालाही लागलेला असायचा, तरी वाचणाऱ्याचे हात थरथरायचेच. तसं दहा मिनिटं.

नवरा शेजारी बसला होता. तो अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, "अगं, तिथे एव्हाना संपलंही असेल." मी त्याच्यावर अशी ओरडले, की तो उठून आत गेला. तो बोलला ते खरंच होतं, म्हणून तर इतकं झोंबलं. निकाल लागलेला आहे, तिथल्या हजारो लोकांना तो ठाऊक आहे, आणि मी अजून त्यासाठी हात जोडून बसले आहे.

जिंकलो. १-०. लेस्टर २-१ ने जिंकूनही खाली गेलं, २०१६ चं विजेतं लेस्टर. आनंदात मला त्यांची आठवणही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुठेतरी दूर लेस्टरचंही कुणीतरी आमच्या मॅचची तीच ओळ वाचत बसलं असेल आणि "अडवला" वाचून त्याच्या छातीत कळ गेली असेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. स्टँडमध्ये उभं राहणाऱ्याला निदान वाटतं की आपल्या आरोळीने खेळाडूंना बळ येईल, आणि येतही असेल. मला तो आधार नाही. माझ्या असण्या-नसण्याने तिथलं काही हलत नाही हे मला पक्कं माहीत असतं, तरी जागेवरून उठवत नाही. याला तुम्ही संबंध नसणं म्हणता. माझ्या मते ज्यातून आपल्याला काही मिळत नाही आणि ज्याला आपण काही देऊ शकत नाही, तरीही जे सुटत नाही, त्याला संबंध नाही तर काय म्हणायचं?

आणि "टीव्हीवरची चाहती" म्हणून हिणवू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये आमचे १० गुण कापले तेव्हा तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा चालत नाही, हा नियम मी बसून वाचला. क्लबने तो मोडला होता, ते मला मान्य आहे. अपिलात १० चे ६ झाले, एप्रिलमध्ये आणखी २ गेले, आणि प्रत्येक वेळी मी रात्री कागद घेऊन गुणतक्ता मांडला. संघ फक्त करमणूक असता, तर हे कशाला केलं असतं?

तरीही एक कबूल करते. नव्या मैदानावर जाण्यापूर्वी १८ मे २०२५ ला पुरुषांचा संघ गुडिसनवर शेवटचं खेळला. साउदम्प्टनवर २-० विजय, दोन्ही गोल एन्डियायेचे. मी रडले. पण त्या मैदानाच्या कडेला कित्येक चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. तिथे ज्यांचे आजोबा आहेत त्यांच्या दुःखाशेजारी माझं दुःख ठेवायला मला संकोच वाटला, आणि तो संकोच अजून गेलेला नाही. आता तिथे महिला संघ खेळतो, म्हणजे जायची वाट बंद झालेली नाही. पण तिथे जाऊन आले तर मी जास्त खरी चाहती होईन का? पूर्वी मी याला ठामपणे "नाही" म्हटलं असतं. आज म्हणवत नाही.

हल्ली भाचा फुटबॉल पाहू लागलाय. त्याने विचारलं, "मावशी, मी कुठला संघ धरू?" मी एव्हर्टनचं नाव घेतलं नाही. पूर्वीची मी असते तर त्याच क्षणी केहिलचे गोल लावून त्याला समोर बसवलं असतं. ती आज मला भित्री म्हणते. मी तिला सांगते, त्या दहा मिनिटांची तुला कल्पना नाही. ती म्हणते, इतकं वाईट होतं तर पुढच्या हंगामात पुन्हा का बसलीस? त्यावर मी काहीतरी बोलते, पण ते मलाच पटत नाही.